साध्या वेशातले पोलीस आणि खाडीकाठचा रस्ता: पोराने थांबायचं की पळायचं?

खाडीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, लिहिणं लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. गावाचं आणि पोलीस ठाण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पोराला अजून रोज त्याच रस्त्याने जायचं आहे.

आधी मागच्या वर्षीचं. माझी आत्या, वय ६८, वैशाखात तालुक्याला डॉक्टरकडे गेली होती. दुपारच्या एस्टीने परतली आणि फाट्यावर उतरली. फाट्यापासून आमची वाडी अर्ध्या तासाची चाल, मध्ये नुसता सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं माळरान, चिटपाखरू नसतं. मोटरसायकलवर दोघे आले. केस बारीक कापलेले, दाढी गुळगुळीत, पायात तपकिरी बूट. म्हणाले, "आजी, पुढे एका बाईला लुटलंय, साहेब नाक्यावर उभे आहेत. अंगावर सोनं घालून फिरू नका, काढून पिशवीत ठेवा. आम्ही पोलीसच आहोत, वर्दी नाही म्हणून घाबरू नका." एकाने खिशातून कार्ड काढून डोळ्यांसमोर धरलं आणि परत ठेवलं. आत्याला वाचता येत नाही. तिने फोटो बघितला, तेवढं तिला पुरलं. दोन पाटल्या आणि बोरमाळ तिने आपल्या हाताने काढून दिली. त्यांनी तिच्या देखत कागदाची पुडी बांधली आणि औषधांच्या खाली सरकवली. घरी येऊन आत्याने ती पुडी देवासमोर ठेवली, हातपाय धुतले, दिवा लावला आणि मग उघडली. आत दोन प्लास्टिकच्या बांगड्या आणि जांभ्याचा एक खडा.

तक्रार झाली, तपास चालू आहे असं सांगतात. पाटल्या तिच्या सासूच्या होत्या. तेव्हापासून ती हात पदराखाली घेऊनच बसते.

त्या दिवसापासून घरातल्या सगळ्या पोरांना आम्ही एकच बजावलं: साध्या कपड्यातला माणूस पोलीस म्हणाला तर थांबायचं नाही, सरळ वाडीत यायचं.

आता या महिन्यातलं. माझा भाचा १९ वर्षांचा, आयटीआयला आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास स्कूटरवरून येत होता. साकवाच्या (ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या) अलीकडे दोन माणसं उभी, टीशर्ट आणि जीन्स, शेजारी मोटरसायकल. तिची मागची नंबरपट्टी वर वाकवलेली. त्यांनी हात केला. पोराने आत्या आठवली आणि स्कूटर दामटली. त्यांनी पाठलाग केला, पुढे घालून अडवलं, चावी काढून घेतली. "डिकी उघड." पोराने विचारलं, "तुमचं कार्ड दाखवता का?" त्यावर कानाखाली एक बसली. मग मोबाईल मागितला, कुलूप काढायला लावलं आणि फोटो, चॅट सगळं चाळत बसले. डिकीत कुळथाच्या पिठाची पिशवी होती. ती पिशवीसुद्धा हात घालून चाचपली.

दहा मिनिटांनी मागून खात्याची जीप आली, तेव्हा कुठे त्याला कळलं की हे खरे पोलीस. गांजाच्या पुड्या विकणारा कोणी त्या रस्त्याने येणार अशी खबर होती म्हणे. सोडून दिलं. चावी मात्र गवतात टाकली. पोरगा अर्धा तास मोबाईलच्या उजेडात चावी शोधत होता.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदाराने डायरी बघून सांगितलं, अशी काही नोंद नाही. आतल्या साहेबांनी चहा विचारला आणि म्हणाले, "मुलगा पळाला म्हणून संशय आला. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा दाखल केला नाही, हे नशीब समजा."

मला भांडण करायचं नाही. मला एवढंच कळून घ्यायचं आहे की त्या साकवावर, त्या उजेडात, त्या पोराने काय करायला हवं होतं? आणि आम्ही त्याला आता काय सांगावं?

---

लालबाग_ते_लांजा

वाचून हात कापले. आत्यांसारखंच आमच्या चाळीतल्या आजींबरोबर मुंबईत झालंय, शब्द न शब्द तोच. "पुढे लुटलंय, दागिने काढा." ही टोळ्यांची ठरलेली पद्धत आहे. खरा पोलीस कुणाच्याही अंगावरचे दागिने काढून पुडी बांधत नाही. हे एक वाक्य घराघरात पाठ करून घ्यायला हवं.

गणपतीला येताना कशेडीपासून हातखंब्यापर्यंत आम्हाला चार ठिकाणी थांबवतात. वर्दी असते, बॅरिकेड असतं, कुणाला वाईट वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी मात्र रात्री एक वाजता दोघांनी बॅटरी मारून थांबवलं आणि लायसन्स मागितलं, अंगावर वर्दी नाही. मी काच खाली केली नाही. बायको-मुलं गाडीत. पुढच्या पेट्रोल पंपावर जाऊन थांबलो. ते मागे आले नाहीत. कोण होते देव जाणे.

---

कोर्टाची_पायरी

मी वकिली करतो, फौजदारी कामंच जास्त. जे पक्कं आहे तेवढंच सांगतो.

लायसन्सचं सोपं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० मध्ये शब्दच "गणवेशातील पोलीस अधिकारी" असे आहेत. लायसन्स तपासायला मागणारा वर्दीत हवा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद चालतात.

अटकेचं तर अगदी स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी ११ सूचना दिल्या. त्यातली पहिलीच अशी की अटक करणाऱ्या आणि अटक केलेल्याची चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसेल अशी ओळखपट्टी हवी. अटकेचा पंचनामा करायचा, त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची, नातेवाइकाला कळवायचं. हे पाळलं नाही तर खात्याची कारवाई होईलच, शिवाय न्यायालयाचा अवमानही होईल, असं निकालातच आहे. पुढे हेच फौजदारी प्रक्रिया संहितेत ४१-ब म्हणून आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्यात ते कलम ३६ आहे. २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं आहेच.

पण खाडीकाठ, तुमच्या भाच्याला अटक झालेली नाही. रस्त्यात नुसतं हटकलं. कलम ३६ अटकेपुरतं आहे आणि बरोबर याच फटीत हे सगळं चालतं. नव्या संहितेच्या कलम १७२ मध्ये पोलिसाचे कायदेशीर आदेश पाळणं नागरिकावर बंधनकारक केलंय. बरेच पोलीस आता ते कलम तोंडावर फेकतात. मी कोर्टात विचारतो तेच इथे विचारतो: समोरचा पोलीस आहे हे कळल्याशिवाय तो आदेश पोलिसाचा आहे हे नागरिकाला कळायचं कसं? सरकारी कामात अडथळ्याचा जो गंभीर गुन्हा सहसा लावतात, त्याला समोरच्याने हल्ला किंवा बळाचा वापर केलेला असावा लागतो. कार्ड मागणं म्हणजे बळाचा वापर नव्हे. त्या धमकीत दम नाही.

मोबाईल चाळायचा अधिकार रस्त्यावर कुणालाही नाही. पुरावा म्हणून हवा असेल तर रीतसर जप्त करा, पंच बोलवा, पंचनामा करा. नव्या संहितेत कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करणंही आलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये सांगून झालंय. थप्पड कुठल्याच कायद्यात बसत नाही.

---

सड्यावरचा_वारा

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नका.

माझा मेहुणा शिपाई आहे. गणपती, शिमगा, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, कधी सुट्टी नाही. पोराच्या बारशाला तो रात्री दहाला आला आणि पहाटे गेला. आपल्या गावातली पोरं गांजाला लागलीत हे खरं की नाही? कॉलेजच्या मागे, जेटीवर, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. वर्दीतला पोलीस वळणावर दिसला की विकणाऱ्याला दोन मिनिटांत फोन जातो. साध्या कपड्यांशिवाय हे पकडायचं कसं? आणि ज्याने काही केलं नाही त्याने थांबायला काय हरकत? पळणाऱ्यावर संशय येणारच.

---

खाडीकाठ

राग नाही. तुमच्या मेहुण्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, आणि गांजाचं तुम्ही म्हणता ते अक्षरशः खरं आहे. माझ्याच वर्गमित्राचा मुलगा त्यात गेला.

पण "काही केलं नाही तर थांबायला काय हरकत" हे वाक्य मला आत्यासमोर म्हणवत नाही. तिनेही काही केलं नव्हतं. ती थांबली. विश्वास ठेवून थांबली. ती पळाली असती तर पाटल्या राहिल्या असत्या. भाचा थांबला नाही तर थप्पड. थांबलेलाही फसला, पळालेलाही फसला. मग आम्ही नेमकं शहाणं व्हायचं तरी कसं?

नजर ठेवायला साधे कपडे घाला, आमचं काही म्हणणं नाही. महिनाभर जेटीवर जाळी विणत बसा. पण ज्या क्षणी तुम्ही माझ्या गाडीच्या चावीला हात घालता, त्या क्षणी तुमची नजर ठेवण्याची वेळ संपली. तिथून पुढे तुम्ही पोलीस म्हणूनच माझ्यासमोर उभे आहात, तर पोलीस म्हणून दिसा. कार्ड काढायला किती वेळ लागतो? थप्पड मारायला लागला त्याहून कमीच.

---

निवृत्त_फौजदार

मी ३४ वर्षं नोकरी करून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. त्यातली नऊ वर्षं गुन्हे प्रकटीकरण पथकात, ज्याला सगळे डीबी म्हणतात. वर्दी कपाटात आणि अंगावर चौकड्याचा शर्ट. म्हणून लिहिणं भाग आहे.

वाऱ्याचं बरोबर आहे, साध्या वेशाशिवाय काही गुन्हे उघडकीला येतच नाहीत. आठवडा बाजारात मी वर्दीत फिरलो असतो तर खिसेकापू मला आयुष्यात दिसला नसता. पण आम्हाला ज्या जुन्या हवालदारांनी काम शिकवलं, त्यांनी तीन गोष्टी हाडात भिनवल्या होत्या. ओळखपत्र गळ्यात, शर्टाच्या आत. हात टाकायच्या आधी ते बाहेर. दुसरं, तोंडातून पहिलं वाक्य "अमुक पोलीस ठाणे, नाव अमुक, बकल नंबर अमुक". बकल नंबर म्हणजे पोलिसाचा खात्यातला क्रमांक. तिसरं, निघताना स्टेशन डायरीला नोंद: कोण निघाले, कुठे, कशासाठी. परत आलो की परतल्याची नोंद.

खाडीकाठ, तुम्हाला "नोंद नाही" म्हणाले ना, मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. गांजाची खबर होती, दोन माणसं साकवावर उभी होती, जीप आली, म्हणजे ते निघाल्याची नोंद असलीच पाहिजे. माहितीच्या अधिकारात त्या दिवसाच्या डायरीतल्या नोंदीची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तपासाचं कारण देऊन नाकारलं तर पहिलं अपील करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर ठाण्यांमध्ये सीसीटीव्ही बसवायचा आहे. तुम्ही दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलात, चहा विचारला, ते चित्रण मागायचं असेल तर उशीर करू नका.

आणि पोलीस पाटील. गावात पोलीस पाटील कशाला असतो? १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने गावचा तो माणूस ठेवलाय, गावाची खबर ठाण्याला आणि ठाण्याची खबर गावाला. आमच्या वेळी कारवाई गुप्त असली तर आधी सांगत नसू, पण गावातून निघायच्या आधी पाटलाच्या पडवीत पाच मिनिटं टेकायचोच. तो मग सकाळी चार घरांत सांगायचा, काल आले होते ते खरे पोलीस होते, अमुक कामाला आले होते. गावात भीती राहत नसे. आता बदल्या लवकर होतात, बीट हवालदाराला वाड्यांची नावं येत नाहीत, आणि पाटलाला पेपरात वाचून कळतं.

थप्पड मारणाऱ्याबद्दल एवढंच म्हणेन की माझ्या हाताखाली असता तर मी त्याला त्या पोराच्या घरी माफी मागायला नेला असता.

---

रापणकर_मालवण

माका एक सांगा. सव्वीस-अकराच्या हल्ल्यानंतर आमका सांगतत, किनाऱ्यार अनोळखी माणूस दिसलो तर इचारा, कळवा, १०९३ लावा. आमचे होडयेचे कागद, आमची कार्डा, सगळा झाला. दर्यात जाताना कार्ड, येताना कार्ड. सागर कवच, म्हणजे किनाऱ्याच्या सुरक्षेचो सराव, सुरू झाला की पोलीसच साधे कपडे घालून होडयेत बसतत आणि दहशतवादी म्हणान किनाऱ्याक लागूक बगतत. थयसर आमच्या पोरांनी तेंका अडवल्यानी तर सायब पाठ थोपटतत. मगे तोच पोरगो रस्त्यार कार्ड इचारता तेव्हा तेच्या कानाखाली कित्याक?

आमी दर्यात दाखवतो, तुमी रस्त्यार दाखवा. इतक्याच म्हणणा आसा.

---

सुरंगी

रापणकर काका, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत.

मी परिचारिका आहे, रात्रपाळी संपली की पहाटेची एस्टी नाहीतर कुणाच्या तरी दुचाकीवरून घरी. इथे सगळे कार्डाबद्दल बोलताहेत, बाईच्या बाजूने वेगळी भर घालते. आमच्यासाठी प्रश्न गाडीचा आहे. "ठाण्यात चला, बसा गाडीत" हे वाक्य. गाडी पांढरी, खासगी, काचेवर लाल-निळी पट्टी आणि "पोलीस" लिहिलेलं. ती पट्टी रेडियमच्या कुठल्याही दुकानात मिळते, मी स्वतः भावाच्या टेम्पोला नाव टाकायला गेले होते तेव्हा तिथे टांगलेली बघितली आहे.

मी मुलींना शिबिरात सांगते ते इथेही लिहिते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला अटक करता येत नाही. अगदीच अपवादात्मक वेळ असेल तर महिला पोलीस अधिकारी हवी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी हवी. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल तर बाईला ठाण्यात बोलवता येत नाही, घरी यावं लागतं. १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६० वर्षांवरच्या माणसांनाही तेच. म्हणून खासगी गाडीत बसायचं नाही, काहीही झालं तरी. "मी चालत येते, पोलीस पाटलांना घेऊन येते" म्हणायचं आणि मोठ्याने म्हणायचं, आजूबाजूला ऐकू जाईल असं.

११२ लावा म्हणतात, लावावाच. पण आमच्या खाली खाडीच्या उतारावर रेंजच नसते, वर सड्यावर आलं की येते. ज्याने हे वळण अडवायला निवडलं त्याला हे माहीत असतं, मग तो चोर असो की पोलीस.

---

लाडघरचा_माड

आमचं छोटं होमस्टे आहे, दापोली तालुक्यात. ऑगस्ट २०२३ आठवतोय? कर्दे, लाडघरपासून केळशीपर्यंत किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली होती, पुढे रायगडच्या किनाऱ्यालाही मिळाली. तेव्हा तीन आठवडे आमच्या अंगणात कोण ना कोण येत होतं. कस्टम, पोलीस, आणखी कोण कोण. काहींनी गेटवरच कार्ड दाखवलं, नाव सांगितलं, पाणी मागितलं, पाहुण्यांची वही बघितली, सही करून गेले. त्यांच्याशी आम्ही आपणहून बोललो, कुठल्या खडकाजवळ काय दिसलं तेही दाखवलं.

एक टोळकं मात्र थेट पाहुण्यांच्या खोलीत शिरलं. काही न सांगता. खोलीत पुण्याचं कुटुंब, लहान मूल झोपलेलं. बाई किंचाळली. ते कोण होते हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. पोलीस होते, की पाकिटं शोधायला आलेले दुसरेच कुणी? पाकिटं शोधत फिरणारेही तेव्हा कमी नव्हते. त्या दिवसानंतर माझ्या नवऱ्याने कुणालाच काही सांगायचं बंद केलं, अगदी पहिल्या चांगल्या साहेबांनाही. त्यांचा फोन आला तर "काही दिसलं नाही" म्हणून ठेवून दिला. दिसलं होतं.

---

बाणकोट_बंदर

मी दालदी, म्हणजे कोकणातल्या मुस्लिम मच्छीमार समाजातला, खाडीपट्ट्यातला. आमचा अनुभव थोडा निराळा आहे, तो इथे कुणी मांडला नाही म्हणून मांडतो.

१९९३ साली मी पाचवीत होतो. फेब्रुवारीत रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला आरडीएक्स उतरलं, मार्चमध्ये मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली. त्यानंतर आमच्या मोहल्ल्यात रात्री-अपरात्री साध्या कपड्यातली माणसं यायची. अब्बांना तीनदा नेलं, तिन्ही वेळा सोडलं. कोणी नेलं, कुठे नेलं, घरात कुणालाच माहीत नसायचं. अम्मी दिवा लावून दारात बसायची. पहिल्या वेळी ती दुसऱ्या दिवशी दोन ठाण्यांत पायी गेली, दोन्हीकडे म्हणाले आमच्याकडे नाहीत.

आता त्याच स्फोटांच्या खटल्यातली दुसरी बाजू. ते साहित्य ज्यांनी अडवायचं होतं त्यातल्या काहींनी पैसे घेऊन सोडलं. पोलिसांतले आणि कस्टममधले लोक टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या न्यायालयात दोषी ठरले. त्यांच्या अंगावर वर्दी होती, त्यांच्याकडे खरी ओळखपत्रं होती. म्हणून मला नुसत्या कार्डाने समाधान होत नाही. कार्डाच्या मागे नोंद हवी, की कोण कुठे उभा होता आणि त्याने कुणाला का सोडलं. फौजदार साहेब म्हणाले ती डायरी. ती असती तर माझी अम्मी दोन ठाणी चालली नसती आणि कदाचित ते साहित्य नेणारे ट्रकही पुढे गेले नसते.

आजही रस्त्यात थांबवलं आणि नाव सांगितलं की पुढचे प्रश्न बदलतात. माझा मुलगा कॉलेजला जातो. तो कार्ड मागणार नाही. मागायची हिंमत सगळ्यांकडे सारखी नसते.

---

खाडीकाठ

बाणकोटभाई, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. अम्मी आहेत का अजून? माझा सलाम सांगा.

---

बाणकोट_बंदर

आहेत, ८१ वर्षांच्या. सांगतो.

---

सड्यावरचा_वारा

मी काल लिहिलं त्यातलं "थांबायला काय हरकत" मागे घेतो. रात्री मेहुण्याला फोन करून विचारलं, तू साध्या वेशात असताना कार्ड दाखवतोस का? तो म्हणाला, "दाखवतो, पण एकदा दाखवलं तर पोराने त्याचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं हा डीबीवाला आहे, सावध. दुसऱ्या दिवसापासून माझं काम संपलं." तेव्हा कार्ड जरूर बघा, पण ग्रुपवर टाकू नका. खोटा निघाला तर ११२ ला द्या. खरा निघाला तर त्याचा चेहरा फिरवून आपल्याच गावाचं नुकसान होतं.

---

कोर्टाची_पायरी

वाऱ्याची सूचना योग्य आहे. चित्रण करणं आणि ते पसरवणं या दोन वेगळ्या गोष्टी. चित्रण केलं म्हणून लगेच गुन्हा होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं की पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्याखालचं निषिद्ध ठिकाण नाही, तिथल्या चित्रणावरून त्या कायद्याचा गुन्हा लागत नाही. पण ते आपल्या संरक्षणासाठी ठेवा.

तोतयांबद्दलही सांगतो. लोकसेवक असल्याचं भासवून काही करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ चा गुन्हा, किमान सहा महिने आणि तीन वर्षांपर्यंत कैद. आत्यांच्या तक्रारीत हे कलम फसवणुकीबरोबर लावलंय का ते बघा. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुन्या दंड संहितेचं १७०.

खाडीकाठ, थप्पड आणि मोबाईलबद्दल लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे द्या, पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिलेल्या निर्देशांतून ते आलं. लोकांना त्याचं नावही माहीत नसतं.

---

निवृत्त_फौजदार

पोराने काय करावं, हा मूळ प्रश्न राहून जातोय. माझं मत सांगतो, इतरांनी दुरुस्त करावं.

पळू नये. अंधारात पळणाऱ्याच्या मागे लागलेली गाडी, त्यात अपघात होतो, मी दोन पाहिलेत. हात दाखवून, इंडिकेटर लावून, सावकाश पुढच्या उजेडापर्यंत जावं. दुकान, देऊळ, एस्टीचा थांबा, कुणाचीही पडवी. तिथे थांबून म्हणावं, "साहेब, इथे आमच्याकडे तोतयांनी लुटलंय, म्हणून उजेडात आलो. ठाणं कोणतं, नाव काय, बकल नंबर काय?" आवाज शांत. कार्ड आपल्या वेगाने वाचावं, त्यांच्या वेगाने नाही. मग डिकी उघडावी. मोबाईल हवा असेल तर "जप्तीची पावती द्या" म्हणावं. खरा पोलीस यावर चिडला तरी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे बोलायला काही नसतं.

---

सुरंगी

काका, हे मी आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर लिहून लावते. तुमचं नाव न घालता.

---

खाडीकाठ

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो, काय झालं ते सांगायला.

अधीक्षक कार्यालयात लेखी तक्रार दिली, पोच घेतली. माहितीच्या अधिकाराचं उत्तर आलं: त्या दिवशी संध्याकाळी दोन कर्मचारी खासगी वाहनाने "गस्त व गोपनीय माहिती" साठी रवाना, रात्री पावणेनऊला परत. म्हणजे नोंद होती. मला नाही म्हणून सांगितलं गेलं. थप्पड, चावी, मोबाईल यांचा अर्थातच उल्लेख नाही. पुढची चौकशी उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे आहे. भाच्याचा जबाब झाला. त्याने सगळं सांगितलं, आपण पळालो हेसुद्धा.

पोलीस पाटलांना घेऊन आम्ही आठ जण ठाण्यात गेलो होतो. अधिकारी नवीन आले आहेत. त्यांनी ऐकून घेतलं. दोन गोष्टी मान्य केल्या: साध्या वेशातलं पथक आमच्या हद्दीत येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी पाटलांना कळवायचं, आणि ठाण्याचा लँडलाईन नंबर गावात लावायला त्यांची हरकत नाही. कार्ड आधी दाखवण्याबद्दल ते म्हणाले, "सूचना देतो." लेखी मागितली, ती अजून आलेली नाही. मी दर सोमवारी फोन करतो.

साकवाजवळ सौर दिवा लावायचा ठराव ग्रामसभेत झाला. फाट्यावरच्या एस्टी थांब्याच्या भिंतीवर रंगवून घेतलं: "खरा पोलीस दागिने काढायला सांगत नाही. कार्ड वाचा. ठाण्याला फोन करा." खाली नंबर.

आत्याला पाटी वाचता येत नाही, म्हणून तिच्या फोनमध्ये १ नंबरवर ठाणं टाकून दिलंय. दाबून धरलं की लागतो. परवा तिने करून बघितला, तिकडून "बोला" आलं आणि ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, बोल. ती म्हणाली, "काही नाही, फोन लागतो का बघत होते." पलीकडचा म्हणाला, "बरं केलंत आजी. कधीही लावा."

---

निवृत्त_फौजदार

२ नंबरवर पोलीस पाटलांचा टाका. लँडलाईन पावसात बंद पडते.